सेल्फ मारला, टक् झालं आणि पुढे काहीच नाही

गाडीचं दुखणं : वाचकांचे प्रश्न, काकांची उत्तरं

थंडीत आलेली पत्रं आणि रंगपंचमी झाल्या झाल्या आलेली पत्रं एकत्र करून बसलो तर बहुतेक सगळी एकाच रडगाण्याची निघाली, गाडी स्टार्ट होत नाही. आणि जवळजवळ प्रत्येकात "नवीन बॅटरी टाकली तरी" हे शब्द आहेतच. मला हे वाचून खरंच वाईट वाटतं, कारण चार-पाच हजाराची वस्तू लोक नुसत्या अंदाजावर बदलतात आणि बिघाड जिथे होता तिथेच राहतो. म्हणून या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवून हीच पत्रं घेतोय.

प्रश्न : काका नमस्कार. आमची नऊ वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे. दिवाळीपासून सकाळी चावी फिरवली की एकदाच 'टक्' असा आवाज येतो आणि बस्स. हेडलाइट एकदम झकास लागतात, हॉर्न वाजतो. कधी पाच-सहा वेळा चावी फिरवली की सेल्फ लागतो, कधी दुपारी आपोआप लागतो. बॅटरी नवीन टाकली, पंधरा दिवस बरं वाटलं, परत तेच. आता मेकॅनिक म्हणतोय, "बाबूजी, सेल्फ गया, पूरा बदलना पड़ेगा." बदलू का? (सुदामा नगर)

उत्तर : थोडं थांबा, आधी आवाजाचं बोलू. तुम्ही 'एकदाच टक्' असं नीट लिहिलंत हे फार बरं केलंत, नाहीतर लोक नुसतं "आवाज येतो" लिहितात. भराभर टकटकटकटक वाजलं तर बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली असते, सोलेनॉइड (सेल्फच्या मोटरला करंट जोडणारा विजेचा स्विच) ओढला जातो, लोड आला की व्होल्टेज कोसळतं, तो सुटतो, परत ओढला जातो, असं चालू राहतं. अजिबातच आवाज नाही, तर सेल्फपर्यंत हुकूमच पोचत नाहीये, म्हणजे इग्निशन स्विच, रिले, फ्यूज, नाहीतर क्लचखालचा स्विच बघायचा. आणि तुमच्यासारखं एकदाच घट्ट टक् होऊन शांतता, तर सोलेनॉइडने काम केलंय पण मोटर फिरायला लागतो तेवढा करंट जात नाहीये. आता तो सेल्फच्या आत अडतोय की बाहेर, एवढाच प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर सेल्फ खोलायच्या आधी मिळतं.

तुम्ही म्हणाल हेडलाइट तर झकास लागतात, मग करंट कुठे अडतोय? इथेच सगळे फसतात. एक हेडलाइटचा बल्ब साधारण ५ अँपिअर घेतो. तुमच्यासारख्या गाडीचा सेल्फ फिरताना १५० अँपिअरच्या आसपास घेतो, डिझेल असेल तर अजून जास्त. समजा वाटेत कुठेतरी गंजलेला जोड आहे आणि त्याचा अडथळा फक्त एक शतांश ओहम आहे, म्हणजे साध्या मल्टिमीटरवर जवळपास शून्यच दिसणार. बल्बच्या ५ अँपिअरला तिथे ०.०५ व्होल्ट जातील, डोळ्याला कळणारही नाही. सेल्फच्या १५० अँपिअरला तिथेच दीड व्होल्ट जातील. अडथळा थोडा अजून वाढला की सेल्फ फिरणारच नाही आणि दिवे मात्र लख्ख. म्हणून दिवे लागतात यावरून वायरिंग ठीक आहे असं समजू नका, आणि गाडी बंद असताना बॅटरीवर मीटर लावून १२.६ दिसलं म्हणजे सगळं बरोबर असंही नाही. करंट वाहत असताना मोजलं तरच खरं काय ते कळतं.

माझा संशय अर्थिंगवर आहे, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसकडे परत जातो त्या वाटेवर. बॅटरीच्या मायनसची जाड केबल कुठे बॉडीला, कुठे गिअरबॉक्सला जाते, आणि इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असल्यामुळे इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये एक विणलेल्या तांब्याची पट्टी नाहीतर काळी जाड वायर लावलेली असते. नऊ पावसाळे काढलेल्या गाडीत ती पट्टी वाकून बघा, थिंबलच्या (टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीच्या) तोंडाशी हिरवी पडलेली असते, बोटाने दाबली तर तारा चुरचुरतात, बोल्टच्या खाली तपकिरी गंज. वरून दिसत नाही, बॅटरीचा ट्रे काढला की दिसते, म्हणूनच कोणी बघत नाही.

मीटर नसेल तरी एक सोपी परीक्षा घरीच होते. शेजाऱ्याची जंपर केबल आणा, काळी केबल घ्या, एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं टोक इंजिनच्या उघड्या धातूला, रंग नसलेल्या जागी, घट्ट. फिरणाऱ्या पंख्यापासून आणि पट्ट्यापासून केबल लांब ठेवा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि घरातल्या कोणाला तरी चावी मारायला सांगा. सेल्फ खणखणीत फिरला तर दुखणं अर्थिंगचं होतं, विषय संपला, नवीन पट्टी लावा, दोन्हीकडच्या जागा पॉलिश पेपरने चकचकीत करा, बोल्ट कसून वरून थोडं ग्रीस लावा.

मीटर असेल तर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. लाल टोक इंजिनच्या धातूला, काळं टोक बॅटरीच्या मायनसच्या खुंटीवर, लक्षात ठेवा खुंटीवर, वरच्या क्लॅम्पवर नाही, नाहीतर क्लॅम्प आणि खुंटी यांच्यामधला मळ मोजायचाच राहून जातो. चावी तीन-चार सेकंद मारायला सांगा आणि आकडा बघा. ०.२ व्होल्टच्या आत असेल तर अर्थ चांगला. एक-दोन व्होल्ट दिसले तर चोर सापडला. असंच प्लसच्या बाजूला, लाल टोक बॅटरीच्या प्लस खुंटीवर, काळं टोक सेल्फच्या जाड स्टडवर, तिथे अर्ध्या व्होल्टच्या आत पाहिजे. हे काम गाडीखाली हात घालून करावं लागतं तर मेकॅनिककडून करून घ्या पण समोर उभं राहून. एकच लक्षात असू द्या, हे आकडे मोटर करंट घेत असेल तेव्हाचेच खरे. दोन्हीकडे शून्यासारखं दिसतंय, बॅटरीवर चावी मारताना ११-१२ व्होल्ट तसेच आहेत आणि सेल्फच्या स्टडवरही तेवढेच पोचतायत, तरी मोटर गप्प, तेव्हा मात्र तुमचा मेकॅनिक बरोबर आहे, सेल्फच्या आतले सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट जळलेत किंवा कार्बन ब्रश संपलेत. त्यातही पूर्ण सेल्फ बदलायची गरज सहसा नसते, ब्रश, बुश आणि सोलेनॉइड वेगळे मिळतात.

अर्थिंगबद्दल मी एवढा हट्टाने का बोलतो ते सांगतो. मी १९९६ मध्ये जवाहर मार्गाच्या एका बोळात उस्तादांकडे काम शिकत होतो, तेव्हा एक गाडी आली, सेल्फ मंद फिरतोय आणि चावी मारली की डॅशबोर्डखालून जळकट वास. आम्ही पोरं वायरिंग शोधत बसलो, एकही वायर गरम नाही. उस्तादांनी क्लचच्या केबलवर बोट ठेवलं आणि झटकन काढलं, केबलचं वरचं प्लास्टिक मऊ होऊन चकाकत होतं. इंजिनची अर्थ पट्टी तुटली होती आणि सेल्फचा सगळा करंट परत जायला रस्ता शोधत क्लच केबलच्या लोखंडी तारेतून बॉडीला जात होता. पट्टी लावली, सेल्फ नव्यासारखा फिरला. त्या गाडीच्या मालकांनी त्याआधी सेल्फ दोनदा खोलून घेतला होता. तेव्हापासून कुठलीही गाडी आली की मी आधी ती पट्टी बघतो.

तर सेल्फ आत्ता बदलू नका. आणि ते मधूनच दुपारी लागतं ना, तेही समजण्यासारखं आहे, ऊन पडलं की इंजिन ऑइल पातळ होतं, सेल्फला कमी जोर लागतो, कमी करंटमध्ये काम भागतं. नवीन बॅटरी टाकल्यावर पंधरा दिवस बरं वाटलं, तर बॅटरी काढताना-लावताना क्लॅम्प आणि केबल हलल्या, जोड थोडा घासला गेला, तेवढंच.

प्रश्न : आम्ही दोघंच घरी, मुलगा पुण्याला. गाडी आठवड्यातून एकदा बाजारापुरती निघते. मुलाने मागच्या वर्षी ट्रॅकर आणि डॅशकॅम बसवून दिला. आता चार दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी पार झोपते, दरवाजाचं लॉकसुद्धा उघडत नाही. दोन वर्षांत ही तिसरी बॅटरी. दर दोन दिवसांनी दहा मिनिटं जागेवर चालू ठेवतो तरी उपयोग नाही. (विजय नगर)

उत्तर : दादा, तीन बॅटऱ्यांवर पैसे गेले आणि बिचाऱ्या बॅटऱ्यांचा बहुतेक काहीच दोष नव्हता. तुमची गाडी झोपेत करंट पितेय.

गाडी लॉक करून उभी असली तरी घड्याळ, अलार्म, कंप्युटरची मेमरी यांना थोडा करंट लागतोच, २० ते ५० मिलिअँपिअर, यात काही गैर नाही. आता हिशोब बघा. तुमच्या गाडीत ३५ एएचची (अँपिअर-अवरची, म्हणजे एक अँपिअर साधारण ३५ तास पुरेल एवढी) बॅटरी आहे असं धरू. ३० मिलिअँपिअर गेले तर दिवसाला पाऊण एएचसुद्धा जात नाही, बॅटरी अर्धी व्हायला तीनेक आठवडे लागतात. पण समजा ट्रॅकर, कॅमेरा आणि अजून काहीतरी मिळून २८० मिलिअँपिअर घेतायत, तर दिवसाला पावणेसात एएच गेले, अडीच दिवसांत बॅटरी अर्धी आणि पाचव्या दिवशी पार संपली. तुमच्या चार दिवसांशी हे जुळतं ना? आणि अशी पूर्ण उतरलेली बॅटरी वारंवार तशीच पडून राहिली की प्लेटवर सल्फेट घट्ट बसतं आणि मग चार्ज केली तरी ती पूर्वीसारखी होत नाही, म्हणून एका पाठोपाठ तिन्ही गेल्या.

पकडायचं कसं? बॉनेट उघडा ठेवा, आणि ज्या दरवाजातून फ्यूज बॉक्स दिसतो तोही उघडा ठेवून त्याचं लॅच स्क्रूड्रायव्हरने दाबून 'बंद' करा म्हणजे गाडीला वाटेल दरवाजा लागलाय. गाडी लॉक करा, चावी घरात लांब ठेवा, खिशात नको, बटणाच्या गाडीला चावी जवळ असली की ती जागीच राहते. आणि मग निदान अर्धा-पाऊण तास काहीही हात लावू नका. हे फार महत्त्वाचं आहे, आजकालच्या गाड्यांचे कंप्युटर हळूहळू झोपतात, लगेच मोजलं तर एखादा अँपिअर दिसतो आणि माणूस उगाच घाबरतो. नंतर मीटर मिलिव्होल्टवर ठेवून प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावर जे दोन बारीक उघडे ठिपके असतात ना त्यांना दोन टोकं लावत जा. शून्य म्हणजे तिथून काही वाहत नाही. १० अँपिअरच्या फ्यूजवर दोनेक मिलिव्होल्ट दिसले तर पाव अँपिअरच्या पुढे करंट जातोय. या पद्धतीत एकही फ्यूज काढावा लागत नाही, त्यामुळे झोपलेली गाडी जागी होत नाही, म्हणूनच मला ही आवडते. पुष्कळजण अँपिअरवर मीटर ठेवून बॅटरीच्या तारेत मध्ये लावतात, तेही चालतं, पण तसा मीटर लावलेला असताना चुकूनही चावी मारू नका, आतला फ्यूज उडेल, मीटरही जाईल.

माझ्या मते आधी डॅशकॅमच बघा, 'पार्किंग मोड' असेल तर तो रात्रभर रेकॉर्ड करत बसतो आणि बसवणाऱ्याने त्याची वायर सतत करंट असलेल्या फ्यूजवर टाकली असेल. ती इग्निशनच्या फ्यूजवर घेतली की कॅमेरा चावीबरोबर बंद होईल. ट्रॅकर सततच लागतो पण चांगला ट्रॅकर उभ्या गाडीत थोडासाच घेतो. डिकीचा दिवा, ग्लव्ह बॉक्सचा दिवा, हे पण बघा, मोबाइल व्हिडिओवर ठेवून डिकीत ठेवा आणि झाकण लावा, दिवा जळत राहतोय की विझतोय ते आपोआप कळेल. एवढं करूनही फ्यूजवर काहीच सापडत नसेल तर अल्टरनेटरचे (इंजिन चालू असताना बॅटरी भरतो तो) डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग, तपासून घ्या, त्याची जाड तार या छोट्या फ्यूजमधून जात नाही, एखादा डायोड फुटला की रात्रभर उलटा करंट गळत राहतो आणि शोधणारा फ्यूज बॉक्समध्येच भटकत बसतो.

आणि ते जागेवर दहा मिनिटं चालू ठेवणं बंद करा. आयडलवर अल्टरनेटर थोडंच देतो, त्यातलं निम्मं गाडीच खाते, उतरलेली बॅटरी दहा मिनिटांत भरत नाही, तिला काही तास लागतात. त्यापेक्षा रविवारी सकाळी दोघं महूपर्यंत जाऊन या, गाडीलाही बरं आणि तुम्हालाही. महिनाभर पुण्याला जाणार असाल तर बॅटरीची मायनस तार काढून ठेवा. परत लावल्यावर घड्याळ लावावं लागेल, कुठे रेडिओचा कोड मागेल, तो आधीच लिहून ठेवा.

प्रश्न : काका, आमच्याकडे बाबांची जुनी कार्ब्युरेटरवाली ८०० आहे, जिवापाड जपलेली. रंगपंचमीला इंदूरच्या राजवाड्याची गेर (रंगांची मिरवणूक) बघायला गेलो होतो, गाडी जवळच्या गल्लीत लावली होती, ती रंगाच्या पाण्याने न्हाऊन निघाली. घरी येईपर्यंत ठीक होती. दुसऱ्या दिवशी भावाने प्रेशरने धुतली, बॉनेट उघडून इंजिनसुद्धा. तेव्हापासून सेल्फ मस्त फिरतो पण इंजिन पकडतच नाही. (लोकमान्य नगर)

उत्तर : सेल्फ मस्त फिरतोय म्हणजे बॅटरी, अर्थिंग, सेल्फ या तिघांना हात लावायचं कारण नाही. पाणी डिस्ट्रिब्युटरच्या (प्रत्येक प्लगला आळीपाळीने ठिणगीची वीज वाटतो तो) टोपीत गेलंय.

टोपीच्या दोन क्लिपा काढा, जाड वायरी तशाच राहू द्या म्हणजे क्रम चुकणार नाही, आणि आत बघा. थेंब किंवा नुसती वाफेसारखी ओल असली तरी पंधरा-वीस हजार व्होल्ट प्लगपर्यंत जायच्या ऐवजी त्या ओलीवरून सरकून जातात. कोरड्या सुती कापडाने पुसा, बहिणीचा हेअर ड्रायर असेल तर कोमट हवा द्या, उन्हात अर्धा तास ठेवली तरी चालेल. पुसल्यावर टोपीच्या आतल्या बाजूने उजेडात तिरकी धरून बघा, पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ एका पॉइंटपासून दुसऱ्यापर्यंत दिसते का? ती दिसली तर पुसून उपयोग नाही, तिथे कार्बनचा रस्ता तयार झालाय, टोपी बदलावीच लागते. नसेल तर वायरींची रबरी टोकं, कॉइलचं तोंड आणि प्लगचे खड्डे कोरडे करा. रंगाचं पाणी साध्या पाण्यापेक्षा वाईट, वाळलं तरी मागे थर राहतो आणि पुढच्या दमट दिवशी परत तोच त्रास, म्हणून नुसतं वाळवू नका, स्वच्छ ओलसर कापडाने पुसून मग वाळवा.

रात्री अंधारात बॉनेट उघडून कोणाला तरी सेल्फ मारायला सांगितला तर वायरीवरून निळ्या ठिणग्या सरकताना दिसतात, कुठली वायर गळतेय ते डोळ्यांना कळतं. पण हात लावू नका, आणि सेल्फ सलग पाच-सहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा, नाहीतर सेल्फ तापेल आणि प्लग पेट्रोलने भिजून दुसरंच दुखणं लागेल. भावाला रागावू नका, त्याने प्रेमानेच धुतली. पुढच्या वेळी डिस्ट्रिब्युटर आणि कॉइलवर प्लास्टिकची पिशवी बांधायला सांगा आणि तिकडे प्रेशर मारूच नका म्हणावं.

प्रश्न : ओंकारेश्वरला दर्शन करून परत निघालो तर गाडी चालूच होईना. डॅशबोर्डवर चावीचं चिन्ह भराभर लुकलुकत होतं. चार माणसं जमली, कोणी बॅटरी म्हणे, कोणी पेट्रोल पंप. तासाभराने आपोआप चालू झाली. परत झालं तर काय करायचं? (अन्नपूर्णा रोड)

उत्तर : ते चिन्ह इमोबिलायझरचं, म्हणजे गाडी सांगत होती की ही चावी मी ओळखत नाही. चावीच्या प्लास्टिकमध्ये एक बारीक चिप असते, तिला सेल लागत नाही, इग्निशनच्या भोवतीच्या कॉइलमधून ती वाचली जाते. म्हणून रिमोटचा सेल संपला तरी चावी फिरवून गाडी चालू व्हायलाच पाहिजे. पहिलं काम, त्या जुडग्यात दुसऱ्या गाडीची किंवा स्कूटरची चिपवाली चावी असेल तर ती बाजूला करा, दोन चिपा जवळ आल्या की वाचण्यात घोळ होतो. मग दुसरी मूळ चावी लावून बघा. दुसऱ्या चावीने प्रत्येक वेळी चालू झाली तर पहिल्या चावीची चिप सैल झालीय किंवा पडल्यामुळे तडकलीय. दोन्हींनी तोच त्रास असेल तर कॉइल किंवा तिचा जोड. बटण दाबून चालू होणारी गाडी असेल तर बऱ्याच गाड्यांत चावी बटणालाच टेकवून दाबलं की सेल मेलेला असूनही चालू होते, हे घरातल्या सगळ्यांना आजच दाखवून ठेवा. आणि एक कळकळीने सांगतो, प्रवासाला निघताना दुसरी चावी घरच्या कपाटात ठेवू नका, बरोबर ठेवा, पण वेगळ्या माणसाकडे.

प्रश्न : नवीन गाडी ऑटोमॅटिक आहे. बॅटरी उतरली की सासरे म्हणतात धक्का मारू. चालतं का? (पलासिया)

उत्तर : नाही. गिअर असलेल्या गाडीत चाकं इंजिनला फिरवतात म्हणून धक्का लागू पडतो, टॉर्क कन्व्हर्टरच्या (क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणाऱ्या) गाडीत इंजिन बंद असताना तो दुवाच नसतो, आणि बाकी ऑटोमॅटिकमध्येही या फंदात पडू नका. जंपर केबल वापरा. लाल केबल उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला, काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या धातूला, बॅटरीपासून लांब. कारण शेवटच्या जोडाला ठिणगी उडतेच आणि बॅटरीतून निघणारा हायड्रोजन वायू पेट घेऊ शकतो. हातातलं कडं, घड्याळ, अंगठी आधी काढा. सासऱ्यांना म्हणावं धक्क्याची ताकद तुमच्यात अजून आहे हे मान्य, पण गाडी बदललीय.

प्रश्न : माझं वय ६८, निवृत्त शिक्षक. तुमचं सदर वाचून मीटर घ्यावासा वाटतोय पण विजेची भीती वाटते. मला जमेल का? (रामबाग)

उत्तर : सर, नक्की जमेल. गाडीची वीज १२ व्होल्टची, बोटांना झटका देत नाही. भीती बाळगायची ती दोनच ठिकाणी, एक प्लगच्या जाड वायरी आणि दुसरं म्हणजे पाना प्लस आणि बॉडी या दोघांना एकदम टेकणं, तेव्हा पाना लाल होतो. म्हणून बॅटरी काढताना मायनस आधी काढा आणि लावताना मायनस शेवटी. स्टिअरिंगच्या आसपास पिवळे जोड दिसले तर त्यांना टोक लावू नका, ते एअरबॅगचे. आणि हायब्रिड गाडी असेल तर नारिंगी केबलच्या वाटेला जाऊ नका, तिथे खरोखरच जीवघेणी वीज असते.

तीन-चारशेचा साधा डिजिटल मीटर पुरतो. त्यावर २० व्होल्ट डीसीची आणि २०० मिलिव्होल्टची रेंज आहे एवढं दुकानात बघून घ्या. तुम्ही शिक्षक आहात, मग एक वही करा. सकाळी गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीवर किती ते लिहा, १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, ११.९ म्हणजे उतरली. मग मॅडमना चावी मारायला सांगा आणि सेल्फ फिरताना आकडा कुठपर्यंत खाली जातो तो लिहा, तो साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरी थकलीय, मग भले आधी १२.६ दाखवलं असेल. मग इंजिन चालू, हेडलाइट आणि एसी लावून, जरा रेस देऊन परत बघा, १३.८ ते १४.५ च्या मध्ये पाहिजे. त्याच्या खाली राहिलं तर अल्टरनेटर नाहीतर त्याचा पट्टा, पंधराच्या पुढे गेलं तर रेग्युलेटर (अल्टरनेटरचं व्होल्टेज आवरणारा भाग) बिघडलाय, आणि तो बॅटरीचं पाणी उकळून टाकतो.

हे आत्ता एप्रिलमध्येच करा. आपल्याकडे लोक थंडीला दोष देतात पण बॅटरी खरी खराब होते मे महिन्यात, बॉनेटखालच्या उष्णतेने पाणी उडतं, आतल्या जाळ्या गंजतात, आणि डिसेंबरच्या पहिल्या गार सकाळी ते उघड होतं. पाणी घालायची बॅटरी असेल तर दर पंधरा दिवसांनी खुणेपर्यंत डिस्टिल्ड वॉटर, नळाचं नाही, आरओचंही नाही. टर्मिनलवर पांढरट हिरवी बुरशी आली असेल तर आधी तारा काढा, मग गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा, फसफसून सगळं निघतं, पण झाकणाच्या भोकातून सोडा आत जाऊ देऊ नका.

वहीत तीन आकडे झाले की तारीख घालून मला पाठवा. बॅटरी कुठल्या महिन्यात घेतली ते पण लिहा, तिच्यावर खोदलेलं असतं किंवा वॉरंटीच्या कार्डावर सापडेल.